‘येते’ म्हणून गेलेली माणसं

“मूल म्हणजे मातीचा गोळा. कुंभाराचा हात ठाम असला, की मडकं सरळच निघतं. बाकी सगळी इंग्रजांची फॅडं.”

हा सिद्धांत पुरुषोत्तम आगटे यांनी २००७ सालच्या जानेवारीत, वॉटफर्डमध्ये, आपल्या मुलीच्या घरी जाहीर केला. त्या वेळी ते जिन्याच्या मधल्या पायरीवर हातात मोजे घेऊन अनवाणी उभे होते. सकाळी ते वर बाथरूमला गेले, तेवढ्यात मातीचा गोळा सर्वांत खालच्या पायरीवर येऊन बसला होता, आणि तो उठेपर्यंत कुंभाराला खाली उतरायची सोय नव्हती.

गोळ्याचं नाव ईशानी. वय सात. इंग्रजी घरात दार उघडलं की समोर जिनाच असतो, आलेल्या माणसाला बसवायचं की चढवायचं हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. त्या जिन्याच्या तळाशी बसून ईशानी समोरच्या दाराकडे बघत असे. नुसती बघत असे. तिच्या आणि दाराच्या मधून कुणी गेलं की ती ओरडायची. मोठ्याने नाही, पण एका पट्टीत आणि न थांबता, गॅसवर ठेवून विसरलेल्या किटलीसारखी.

“बाबा, मातीचा गोळा नंतर,” स्वयंपाकघरातून उल्का म्हणाली. “शाळेतून परत फोन आला होती.”

उल्का पुरुषोत्तमांची मुलगी, ईशानीची आई. ती जन्मली, वाढली, शिकली ती वॉटफर्डमध्येच, त्यामुळे तिच्या मराठीत लिंगं समानतेच्या तत्त्वावर वाटलेली होती. हॉस्पिटलच्या औषधखात्यात ती फार्मासिस्ट होती. दिवाळीपासून ईशानी शाळेत कधी गेली, कधी नाही, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर तर पायरीवरून हललीच नव्हती. फेब्रुवारीतल्या हाफ-टर्मच्या सुट्टीनंतरही पोरगी शाळेत गेली नाही तर नोकरी सोडायची, असं उल्काने ठरवलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

ईशानीला ऑटिझम आहे हे निदान आधीच झालं होतं. त्यासाठी इतकी वाट पाहावी लागली, की रांगेत नाव लावलं तेव्हाचे बूट पत्र आलं तेव्हा तिच्या पायात शिरत नव्हते. निदान आलं, समजावून झालं, नातेवाइकांना फोन करून झाले. त्रासाला नाव मिळालं. सकाळ होती तशीच राहिली.

या पायरीचं काय करायचं, याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. ईशानीचे वडील जयंत रोज पहाटे स्लाऊला, एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळायला जात. त्यांनी बारकाईने निरीक्षण केलं होतं, की गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस ‘चीरिओ’ म्हणून गेला तेव्हा ईशानीने मानसुद्धा वळवली नाही. शेजारची मॉरीन रोज येते-जाते, तिचंही काही नाही. “तिला फक्त आपल्या लोकांचा त्रास होतो,” जयंत म्हणाले. “मलाही होतो, पण मी पायरीवर बसत नाही.”

शाळेने पाठवलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिला थेट विचारलं होतं, की तू इथे का बसतेस.

“येणार आहेत म्हणून,” ईशानी इंग्रजीत म्हणाली.

“कोण?”

“सगळे.”

बाईंनी अहवालात लिहिलं की मुलीला घरात परकी माणसं घुसण्याची भीती वाटते. जयंतनी त्याच शनिवारी दाराला साखळी बसवली. ईशानीने झाडूच्या दांड्याने ती काढली. त्यांनी परत लावली, तिने परत काढली. परक्यांना घाबरणारी मुलगी साखळी का काढते, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पडायला झोप पुरी व्हावी लागते.

मग उल्काला पालकत्वाच्या वर्गाला घातलं. तिथे बिस्किटं होती आणि सोनेरी तारे होते. मूल पायरीवरून उठलं की तक्त्यावर तारा लावायचा. ईशानीने तारे नीट मोजून घेतले आणि सगळे पायरीला चिकटवले. दिवसभर काम पायरीने केलं होतं.

आणि हळदीकुंकू. ते उल्काने ठेवलं होतं आईच्या हौशीखातर. आई, म्हणजे आशाताई, ऑक्टोबरात गेल्या होत्या. हॅरो, वेम्ब्ली, एक तर केंब्रिजहून, अशा बायका तिळगूळ घेऊन आल्या. यायला त्यांना वेळ लागला नाही. पण मराठी माणूस ‘निघते’ म्हणाल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत एखादं मूल चालायला शिकेल. अलकामावशींनी कोट चढवला, एक बूट घातला, आणि दुसरा बूट हातात धरून सुनेचा विषय काढला. दार उघडं, थंडी आत, बायका उंबऱ्यात. अखेर एकेक जण “बरं, येते हं,” “येते गं उल्का,” “चल बेटा, येते,” करत गाड्यांत बसली. ईशानी पायरीवर बसली ती दुसऱ्या दिवशीही तिथेच. टोस्टही तिथेच खाल्ला.

“लाड,” पुरुषोत्तम मधल्या पायरीवरून म्हणाले.

“बाबा, मोजे घाला. पाय गार पडला असेल तुमची.”

---

धम्मशीला गजभिये आल्या त्या अशा घरात. एका छोट्या संस्थेच्या समुपदेशक. आपल्याकडच्या मुलांच्या घरी जाऊन बोलतात, आणि मराठीत बोलतात, म्हणून उल्काने कुणाकुणाला विचारून त्यांना गाठलं होतं. त्या दिवशी पाऊस होता, अंगणातला दिवा गेला होता, आणि पुरुषोत्तमांची तोफ भरलेली होती.

“समुपदेशक म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?”

“ऐकते.”

“आमच्याकडे ते काम शेजारीण करायची. फुकट.”

“आणि मग गल्लीभर सांगायची. मी सांगत नाही, एवढाच फरक, काका.”

“आडनाव काय म्हणालात?”

“अजून म्हणाले नाही. गजभिये.”

“म्हणजे नागपूरकडचे.”

“स्लाऊकडचे. नागपूरहून बाबा आले, मी स्लाऊहून आले. आज ट्रॅफिक फार होतं.”

पुरुषोत्तमांनी चहातली साखर बराच वेळ ढवळली. मधुमेहामुळे त्यांच्या चहात साखर नसे.

धम्मशीलाबाई मग हॉलमध्ये गेल्या आणि कोटांच्या खुंट्यांखाली, जमिनीवर बसल्या. पायरीच्या बाजूला, दाराच्या आड येणार नाही अशा. ईशानीशी त्या काहीही बोलल्या नाहीत. ईशानीही नाही. दोघी दाराकडे बघत होत्या. बसस्टॉपवर दोन अनोळखी बायका बसाव्यात, तशा.

“याचे ही पैसे घेते?” पुरुषोत्तमांनी मुलीला दबक्या आवाजात विचारलं.

“बाबा, प्लीज.” उल्का स्टूलवर बसून डोळे मिटून होती. ती झोपली नव्हती, फक्त ते उघडे ठेवणं तिने बंद केलं होतं.

बऱ्याच वेळाने बाई आत आल्या. त्यांनी काही विचारलं, काही ऐकलं. मूल घरात काय तोडतं, काय मांडून ठेवतं, कशाने शांत होतं. उल्काने सांगितलं की नोव्हेंबरात एकदा तिने ओट्यावरच्या कपाटातलं देवघर रिकामं केलं होतं. सगळे देव सिंकच्या बाजूला, भांडी निथळतात तिथे, उंचीप्रमाणे ओळीने उभे. आणि आत टॉर्च मारून बघत होती. बाळकृष्णाला लिक्विड सोप लागला. बाबा खूप रागावले.

“रागावणार नाही तर काय,” पुरुषोत्तम म्हणाले. “देव म्हणजे काय चमचे आहेत?”

“काय शोधत होती?” बाईंनी विचारलं.

ते कुणी विचारलं नव्हतं.

“बघू,” धम्मशीलाबाई उठल्या. “घाई नको करायला. मी पुढच्या आठवड्यात परत बघते तिला. बरं, येते मी.”

दार उघडलं, बंद झालं. पायरीवर ईशानी जराशी सावरून बसली, हात गुडघ्यांवर घेतले. आता ही उठत नाही, असा अर्थ त्या बसण्याचा होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता. उल्काने टोस्टरमध्ये ब्रेड सरकवला.

तेवढ्यात बेल वाजली. बाईंचं रस्त्यांच्या नकाशाचं पुस्तक ओट्यावर राहिलं होतं, आणि त्याच्याशिवाय त्यांना वॉटफर्डच्या चक्राकार रस्त्यातून सुटका नव्हती. उल्का पोचायच्या आत ईशानीने स्वतः दार उघडलं. पावसात भिजलेल्या बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आली,” ती म्हणाली.

आणि उठली. पायरी सोडून, बाईंना वळसा घालून, ती बैठकीच्या खोलीत गेली आणि टीव्ही लावला. कार्टूनमधलं कुणीतरी कशावर तरी आपटल्याचा आवाज आला.

हॉलमध्ये तिघं मोठी माणसं रिकाम्या पायरीकडे बघत उभी राहिली. देऊळ उघडलं आणि आत देव नसावा, असे चेहरे.

“मी जाताना काय म्हणाले होते?” धम्मशीलाबाईंनी विचारलं.

“काय म्हणणार? येते म्हणालात,” पुरुषोत्तम म्हणाले.

“आणि आले.”

“पुस्तक विसरलात म्हणून आलात.”

“ते तिला काय माहीत. मी येते म्हणाले, आणि आले.” बाईंनी नकाशाचं पुस्तक छातीशी धरलं. “उल्काताई, मॉरीन जाताना काय म्हणते?”

“बाय म्हणते. टाटा म्हणते.”

“आणि हळदीकुंकवाच्या बायका?”

टोस्टरने ब्रेड वर फेकला.

“ईशानी,” बाईंनी दारातूनच हाक मारली, “मी जाते.”

“अहो,” पुरुषोत्तम खरोखर एक पाऊल मागे सरकले. “जाते म्हणू नये. अशुभ असतं. भलत्या वेळी…”

बाई बाहेर पडल्या. दार ओढून घेतलं आणि पोर्चमध्ये पावसात उभ्या राहिल्या. आत कार्टून चालू होतं. पायरी रिकामी होती. बाहेरच्या काचेवर बाईंची आकृती हलत होती, आणि ईशानी तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ज्यांना जायचं होतं ते गेले होते.

थोड्या वेळाने पुरुषोत्तमांनीच दार उघडलं. “आत या. न्यूमोनिया झाला तर तो आमच्या नावावर नको.”

बाई टॉवेलने केस पुसत म्हणाल्या, “आमच्या बाबांचं बरं होतं. येतानाही जयभीम, जाताना पण जयभीम. मी तुमच्या घरी तुमच्या रीतीने वागायला गेले.”

“रीत चांगली आहे,” पुरुषोत्तम पुटपुटले.

“चांगली आहे, काका. फक्त ईशानी आपण जे बोलतो तेच खरं मानते.” त्या टीव्हीसमोर जाऊन जमिनीवर बसल्या. “ईशानी, कोणकोण यायचं राहिलंय?”

ईशानीने टीव्हीवरून नजर काढली नाही. “अलकामावशी. मोठा टिकलीवाली आंटी. केंब्रिजवाली. जगदीशकाका, तो गणपतीमध्ये म्हणाला. मॅथ्स शिकवणारा ताई.” मग थोडं थांबून, “आजी.”

कार्टूनमधलं कुणीतरी पुन्हा आपटलं.

“आजी निळी बॅग घेऊन म्हणाली,” ईशानी म्हणाली. “हॉस्पिटलला जाताना. येते हं, पिल्लू.”

---

कुणीतरी सांगायला हवं होतं. उल्का म्हणाली मी सांगते, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. जयंत अजून मोटरवेवर होते. धम्मशीलाबाई पुरुषोत्तमांकडे बघत होत्या. बघण्यात आग्रह नव्हता. म्हणूनच ते जास्त अवघड गेलं.

पुरुषोत्तम जन्मभर लंडनच्या बसच्या वेळापत्रक खात्यात होते. वेळापत्रकात बस येते असं लिहिलं म्हणजे ती येतेच असं नाही, हे लोकांना सभ्य शब्दांत कळवायचा त्यांना पगार मिळत असे. ते सोफ्यावर टेकले.

“ईशानी, आजी ना… मी सांगितलं होतं तुला. आजी देवाघरी गेली.”

“मी बघितलं,” ईशानी म्हणाली. “तिथे नाही आहे.”

उल्काचा नळ बंद झाला. सिंकच्या बाजूला ओळीने उभे केलेले देव आता सगळ्यांना नीट दिसत होते.

“तसं नाही,” पुरुषोत्तमांनी घसा साफ केला. “म्हणजे ती वारली.”

“म्हणजे काय?”

“निवर्तली.”

“म्हणजे काय?”

मराठीत या गोष्टीला पुष्कळ शब्द आहेत. बहुतेकांचं काम ती गोष्ट दाराबाहेर उभी ठेवणं हेच आहे. पुरुषोत्तमांनी आणखी एकदोन आठवून पाहिले. ‘कैलासवासी झाली’ म्हटलं असतं तर तिने नकाशा मागितला असता. त्यांनी धम्मशीलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी टॉवेलची घडी घातली.

“मेली,” पुरुषोत्तम म्हणाले. हा शब्द त्यांनी आशाताईंबद्दल आजवर उच्चारला नव्हता, फोनवर नाही, भटजींपाशी नाही. “तिचं शरीर बंद पडलं. मेलेलं माणूस येत नाही. ती येणार नाही.”

“नंतर पण नाही?”

“नंतर पण नाही.”

“पण येते म्हणाली.”

“म्हणाली.”

“का?”

पुरुषोत्तमांनी एक मोजा वर ओढला. “जाते म्हणायची भीती वाटते गं. म्हणून आपल्यात सगळे येते म्हणतात. तो शब्द जाते असाच आहे. फक्त उलटा घातलेला.”

“जम्परसारखा.”

“जम्परसारखा.”

ईशानीने यावर विचार केला. “मग लेबल दिसतो ना बाहेर,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसला. मला नाही दिसला.”

मातीच्या गोळ्याचा सिद्धांत त्या घरात परत कुणी ऐकला नाही.

---

लगेच काही झालं नाही. अशा गोष्टी लगेच होत नाहीत. ज्यांच्या होतात ते पालकत्वाच्या वर्गात व्याख्यान द्यायला येतात. ईशानी दुसऱ्या दिवशी पायरीवर होतीच. आजी यादीतून गेली होती, पण यादी होती.

तेव्हा उल्काने फोन करायला घेतले. “एकदा येऊन जायची. हो, नुसता. चहा पिऊन. आणि जाताना ‘जाते’ म्हणायची. नाही मावशी, वेडी नाही झाला मी. थकला आहे.”

माणसं आली. जगदीशकाकांनी दारात “आलो” आणि “जातो” एका श्वासात म्हटलं, गाडी त्यांनी चालूच ठेवली होती. ईशानीने ते ग्राह्य धरलं. केंब्रिजवाल्या बाई संशोधक होत्या, त्यांना हा प्रकार फार आवडला आणि त्यांनी जाते हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. त्यावर ईशानी म्हणाली, की एकदाच जातात. अलकामावशींची मात्र पंचाईत झाली. कोट घालून, दोन्ही बूट घालून, त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि शब्द काही ओठांबाहेर येईना.

“घरात आत्ताच एक जाणं झालंय उल्का, मी कशी म्हणू?” शेवटी त्यांनी तोड काढली. “बाळ, मी निघते.”

“निघते म्हणजे जाते?” ईशानीने आईला विचारलं.

“हो. म्हणजे सुरू झालं जायला.”

“ओके. मग निघा.”

मावशी त्या दिवशी सुनेचा विषय न काढता गेल्या. उल्काच्या माहितीत असं पहिल्यांदाच घडलं.

‘निघतो’ ही पळवाट पुरुषोत्तमांना फारच मानवली. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. रोज रात्री जाताना ते निघतो म्हणत, आणि ‘जातो’ तोंडात येण्याच्या आत फाटकाबाहेर पडत. जयंत मोटरवेच्या तयारीत ‘जातो’ म्हणू लागले. सुरुवातीला म्हणताना ते लाकडाला हात लावत. उल्का ‘जाते’ म्हणू लागली. धम्मशीलाबाई आल्या की ‘जयभीम’ म्हणत, गेल्या की ‘जाते, जयभीम’ म्हणत. पायरीवरचे तारे जाऊन-येऊन अर्धे निघाले.

हाफ-टर्म संपली. सोमवारी सकाळी उल्का “जाते” म्हणून कामावर गेली, आणि मग गाडीत बसून बराच वेळ गाडी चालूच केली नाही. घरात पुरुषोत्तम बूट घालून तयार होते. ईशानी पायरीवर होती. मग ती उठली, कारण यादीत कुणी उरलं नव्हतं, आणि तिने बूट घातले. पुरुषोत्तमांनी आनंद दाखवला नाही. दाखवला की बिघडतं, हे धम्मशीलाबाईंनी बजावलं होतं. वर ते थकलेलेही होते, त्याची मदत झाली.

शाळेत ईशानीच्या वर्गाला थेट पटांगणात उघडणारं काचेचं दार होतं. पोरांची रांग आत गेली. मिस कूपर, वर्गशिक्षिका, दारापाशी श्वास रोखून उभी होती. ईशानी आत गेली, कोट खुंटीला लावला, आपल्या नावाच्या खुर्चीवर बसली आणि पेन्सिली रंगांप्रमाणे लावू लागली.

आता जायचं. “निघतो हं, ईशानी,” पुरुषोत्तम दारातून म्हणाले, आणि निघाले नाहीत. पाय हलेनात. ऑक्टोबरात हॉस्पिटलच्या लिफ्टसमोरही असेच हलले नव्हते. त्या वेळी आतून आशाताई हात हलवत होत्या.

ईशानीने पेन्सिलींवरून नजर न काढता विचारलं, “निघतो म्हणाले ना?”

“म्हणालो.”

पटांगणात घंटा झाली. मिस कूपर काही न समजून हसली. पुरुषोत्तम आगटे यांनी टोपी काढली, परत घातली. त्यांच्या आईने, आजीने, त्याआधीच्या सगळ्या बायकांनी जो शब्द उंबऱ्यावर कधी येऊ दिला नव्हता, तो त्यांनी पोटातून वर आणला. डोळे मिटले.

“जातो,” ते म्हणाले.

काहीही कोसळलं नाही. त्यांनी डोळे उघडले. सात वर्षांची नात वळून त्यांच्याकडे बघत होती. आता ही काहीतरी बोलणार, हे त्यांना दिसलं, आणि जे काय असेल ते ऐकायला ते छाती भरून उभे राहिले.

“आजोबा,” ईशानी म्हणाली, “दार लावा. हीटिंग बाहेर जातो.”